फ्रेमखालचं हिरवं

त्या आठवड्यात धाकटीने इतक्या बशा वापरल्या, की घरात चहा ओतून प्यायला एकही बशी उरली नाही. प्रत्येक बशीत एकेक हिरवा रंग. एक पोपटी, एक शेवाळी, एक काळपट, एक नुसताच आजारी दिसणारा. गॅलरीच्या दाराशी बसून ती त्यांतला एकेक कागदाच्या कपट्यावर लावायची, हात लांब करून बघायची आणि मान हलवायची. उभं आयुष्य डोंगर आणि रानं रंगवण्यात गेलेली ही बाई. तिच्या डोंगरांची कॅलेंडरं निघाली होती, बँकांच्या भिंतींवर तिच्या दऱ्या टांगलेल्या होत्या. आणि तिला एक हिरवा जमत नव्हता.

हा हिरवा थोरलीने मागितला होता.

थोरली म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण. लग्न होऊन दूरदेशी गेली ती तिकडचीच झाली. मधूनमधून येत राहिली, पण येणं म्हणजे बॅगा, भेटी आणि औषधांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक खेपेला दोघी ठरवायच्या, की या वेळी सगळं बाजूला ठेवून एकदा वर डोंगरात जाऊन यायचं, त्या जुन्या चौकीपाशी. आधी मुलं लहान होती, मग मुलांच्या परीक्षा होत्या, मग दोघींचे गुडघे. या वर्षी थोरली न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण घरी एकटं राहणं संपलं. मुलाने तिला म्हाताऱ्या माणसांची देखभाल करतात अशा एका जागी नेऊन ठेवलं. विमानप्रवासाचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ठरवायचं म्हणून ठरवायला जे होतं, तेही गेलं.

खोली स्वच्छ आहे, असं थोरलीने फोनवर सांगितलं. जेवण बरं आहे, बायका प्रेमळ आहेत. फक्त खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत आहे आणि भिंतीवर एक पाइप.

"पाइप पाठ झालाय मला," ती म्हणाली. "मुंगे, मला ते रान पाठव."

मुंगी हे धाकटीचं घरातलं नाव. ते उच्चारणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं.

धाकटी म्हणाली की पाठवते, कुणाला तरी सांगून छान मोठा फोटो काढून घेते. थोरलीने ते तिथेच कापलं. फोटोत सगळी झाडं शाळेच्या रांगेत उभी केल्यासारखी दिसतात, ते नको. आणि तुझ्या त्या कॅलेंडरांतला हिरवाही नको, तो ट्यूबमधला असतो, मला कळतो.

"आपला पाठव," ती म्हणाली.

आपला म्हणजे कुठला, हे दोघींना सांगावं लागलं नाही.

दोघी कॉलेजात होत्या तेव्हाची गोष्ट. मामा वनखात्यात होता आणि डोंगराच्या ऐन माथ्याखाली, दोन खोल्यांच्या चौकीत राहायचा. पाऊस उघडला की या दोघी सुट्टीला त्याच्याकडे. थोरली रसायनशास्त्र शिकत होती आणि दिसेल ती गोष्ट उकळून बघण्याच्या वयात होती. धाकटी चित्रकला शिकत होती. एका सुट्टीत तिने पहिल्याच आठवड्यात रान रंगवून रंगवून पिवळ्या रंगाची ट्यूब संपवली. पिळून झाली, मग ब्लेडने कापून आतून खरवडून झाली. पिवळ्याशिवाय हिरवा होत नाही आणि हिरव्याशिवाय तिथे रंगवायला होतं काय? रंगांचं दुकान खाली शहरात. धाकटी रडकुंडीला आली.

तेव्हा थोरलीला एका झाडाची सोललेली साल दिसली. बाहेरून करडी, आतून हळदीसारखी पिवळीजर्द. ते झाड कुठलं हे दोघींना ठाऊक नव्हतं. मामाला विचारलं तर तो म्हणाला, बकऱ्या तोंड लावत नाहीत ते. तेवढ्यावर थोरलीने मामाच्या चहाच्या पातेल्यात साल उकळली, पाण्यात तुरटी विरघळवली, वर धुण्याचा सोडा टाकला. पाणी फसफसलं आणि पिवळा गाळ हळूहळू तळाशी बसला. तो तिने फडक्यातून गाळला, कौलावर वाळवला आणि वरवंट्याने वाटून त्याची पूड केली. पुढे कितीतरी दिवस मामाच्या चहाला सालीचा वास येत होता. मामा तो चहा काही न बोलता प्यायचा.

जवसाच्या तेलात खललेली ती पूड निळ्यात मिसळली, की जो हिरवा व्हायचा, तो धाकटीने त्याआधी कधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिला नाही. ट्यूबमधला हिरवा पानावर बसतो. हा पानाच्या आत असायचा. सकाळी झाडाखाली उभं राहून वर बघितलं, की पानाच्या पाठीमागून उजेड झिरपतो आणि पान स्वतःच दिव्यासारखं दिसतं, तसा.

थोरली शास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे हा रंग पक्का आहे की नाही हे तिने तपासल्याशिवाय चित्रात वापरू दिला नाही. कागदावर त्याचे ठिपके काढले, ते जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवले आणि वर्षभराने बाहेर काढले. ओल लागली नव्हती, कसर लागली नव्हती, पिवळा होता तसा होता. मग उरलेली सगळी पूड धाकटीने एकाच चित्रात घातली. हार्डबोर्डावर, दोन्ही हात पसरले तरी कमी पडावेत एवढं चित्र. खालपासून वरपर्यंत झाडी, झाडीत अडकलेलं धुकं, मधोमध चौकीचं तपकिरी छप्पर आणि वर डोंगराची कड. तिचं पहिलं मोठं काम. तेव्हा शहरात नवं रुग्णालय झालं होतं. त्यांनी ते बाह्यरुग्ण विभागाच्या हॉलसाठी घेतलं.

बशा संपल्यावर धाकटीने ठरवलं की आठवणीच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. मूळ चित्र याच शहरात आहे, जाऊन बघून यावं. तिला गेल्या कित्येक वर्षांत तिकडे जायचं काम पडलं नव्हतं. आजारी पडली तर ती घराजवळच्या डॉक्टरकडे जायची.

रुग्णालयाला मधल्या काळात दोन नवे मजले चढले होते आणि हॉलला मोठमोठ्या काचा लागल्या होत्या. दारातल्या मावशींनी तिच्याकडे न बघताच विचारलं, "सोनोग्राफी का? समुद्राच्या चित्रापासून डावीकडे."

आपलं चित्र काढून तिथे दुसरं लावलं की काय, या धास्तीने धाकटी पुढे गेली. हॉलच्या लांब भिंतीवर, काचांच्या बरोबर समोर, खरंच समुद्र होता. गडद निळ्या, फिक्या निळ्या लाटा एकावर एक चढत गेलेल्या, मधेमधे पांढरा फेस, आणि मधोमध एक तपकिरी होडी. खाली उजव्या कोपऱ्यात तिची सही होती.

ती बाकावर बसली. शेजारी पायाला पट्टी बांधलेले एक गृहस्थ होते. ती चित्राकडे टक लावून बघतेय असं पाहून त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली. ड्रेसिंगला आलं की ते याच बाकावर बसत. ती होडी किनाऱ्याकडे येतेय की आत चाललीय, यावर त्यांचा आणि एका दम्याच्या पेशंटचा बरेच दिवस वाद चालला होता.

"ती होडी नाही," धाकटी म्हणाली. "ते चौकीचं छप्पर आहे. हे रान आहे."

गृहस्थांनी तिच्याकडे फार मायेने पाहिलं, आणि तुम्हाला कुठल्या विभागात जायचंय, मी सोडू का, असं विचारलं.

धाकटी बराच वेळ तिथे बसून राहिली. आकाश होतं तसं होतं. छप्पर होतं तसं होतं. निळा रंग तसूभर हलला नव्हता. सगळ्या रानातून फक्त पिवळा निघून गेला होता, आणि तो जाताना कुणालाच दिसला नव्हता. ना तिला, ना रोज त्याच्यासमोर ताटकळणाऱ्या माणसांना. ज्या हिरव्याच्या शोधात ती आली होती, तो आता कुठेच नव्हता. तिच्या डोक्यात सुद्धा नव्हता, हे बशांनी सिद्ध केलंच होतं. रुग्णालयात रडणाऱ्या बाईकडे कुणी वळून बघत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

संध्याकाळी तिने थोरलीला फोन लावला. तिकडे सकाळ होती. सांगू की नको असं करत तिने सगळं सांगून टाकलं, समुद्र आणि होडीसकट. थोरली आधी खो खो हसली. हसता हसता तिला खोकला आला.

"पण मी तपासला होता गं," थोरली म्हणाली. "वर्षभर ट्रंकेत ठेवला होता."

"हो ना."

"ट्रंकेत, मुंगे. बंद ट्रंकेत. ओल तपासली, कसर तपासली, आणि उजेड तेवढा तपासायचा राहिला. शाबास माझी. याच अकलेवर मला पहिला वर्ग दिला त्यांनी."

धाकटी म्हणाली की तिलाही तेव्हा सुचलं नव्हतं, ती तर चित्रकार होती. थोरलीचं लक्ष नव्हतं. ती विचार करत होती. विचार करताना नाकाने सूं सूं आवाज करायची तिची सवय फोनवरही ऐकू येत होती.

"फ्रेम लाकडाची आहे?"

"आहे. तीच जुनी, जाडजूड."

"ती कधी काढली होती का कुणी?"

"दिसत तरी नाही तसं."

"मग फ्रेमच्या आत बोर्डाचा काठ गेलाय ना, त्यावर आजवर उजेड पडलेला नाही. जा, उघडून बघ. अजून तिथे काय बसलीयस?"

चित्र उतरवायला रुग्णालयाच्या व्यवस्थापक बाईंची परवानगी लागली. धाकटीने त्यांना सगळी हकिकत सांगितली आणि संकोचून असंही सुचवलं, की हवं असेल तर ती रान पुन्हा हिरवं करून देईल. बाई एकदम सावध झाल्या. म्हणाल्या की कृपा करून तसं काही करू नका. एक्स-रे समुद्राच्या उजवीकडे, सोनोग्राफी डावीकडे, औषधांची खिडकी होडीच्या खाली. इथले सगळे पत्ते समुद्रावर आहेत. उद्या तिथे जंगल उगवलं तर पेशंट हरवतील. फ्रेमच्या आत काय करायचं ते खुशाल करा, समुद्र मात्र जागेवर हवा.

रुग्णालयाच्या मागे सुतारखाना होता. मोडक्या खाटा, चाक निखळलेल्या खुर्च्या, कुबड्यांचा भारा. मिस्त्रींनी चित्र पालथं घालून बाकावर ठेवलं, मागचे गंजके खिळे एकेक करून उपसले, आणि फ्रेम धक्का न लावता वर उचलली. मग दोघांनी मिळून बोर्ड सुलटा केला.

चारही बाजूंनी बोटभर रुंदीची पट्टी हिरवी होती.

धाकटीने आधी ती नुसती बघितली. मग जवळ गेली. खालच्या काठाला गवत होतं, त्यात एक नेचा उलगडत होता. तो आपण काढला होता हे ती विसरूनच गेली होती. उजव्या काठाला एक झाड होतं, निम्मं निळ्या समुद्रात बुडालेलं आणि निम्मं कोरडं, जिवंत. त्याच्या पानांतून उजेड येत होता. कुठून येत होता कोण जाणे, पण येत होता. तिला सालीचा वास आल्यासारखा झाला, आणि दव पडलेल्या लाकडी पायऱ्यांचा, आणि पहाटे आतून थोरलीने ओरडून "दार लाव, थंडी येतेय" म्हटल्याचा, जर आवाजाला वास असेल तर.

"अच्छा," मिस्त्री म्हणाले, "म्हणजे हे रान होतं होय."

तो दिवस तिने सुतारखान्याच्या खिडकीपाशी काढला. आता तिच्याकडे नमुना होता, आणि नमुना असला की रंग जुळवणं हे तिचं रोजचं काम. काचेच्या तुकड्यावर रंगाचा ठिपका लावायचा, काच पट्टीवर धरायची. ठिपका उठून दिसला तर चूक. उन्हं तिरपी झाली तेव्हा एक ठिपका पट्टीवर धरल्याबरोबर नाहीसा झाला. पातळ पिवळा, निळा, आणि कणभर तांबूस. सगळे पक्के, उजेडाला न भिणारे. तांबूस घालायचं तिला आठवडाभर सुचलं नव्हतं. सालीच्या रंगात तो आपसूकच असणार.

तिने तिथूनच थोरलीला फोन केला. हिरवा मिळाला, आता तुझं चित्र होणार आणि हा रंग शंभर वर्षं हलणार नाही, असं एका दमात सांगितलं. थोरलीने शाबासकी दिली. मग विचारलं, "आणि ती पट्टी?"

"पट्टीचं काय? परत फ्रेमखाली जाईल. तिथे सुरक्षित आहे ती."

"मला पाठव."

धाकटीला वाटलं ती थट्टा करतेय. तिने समजावून सांगितलं, की नवा रंग आणि जुना रंग यांत आता काडीचा फरक नाही, काचेवर धरून बघितलाय. फरक नसेल, थोरली म्हणाली, पण नवा दुकानातला आणि जुना पातेल्यातला. धाकटीने दुसरा मुद्दा काढला: तुझ्या खिडकीत ठेवलीस तर ती उडेल, निळी पडेल. थोरलीने विचारलं की रुग्णालयातलं चित्र किती दिवस हिरवं होतं. दारातल्या मावशी रुजू झाल्या तेव्हा जुनी माणसं त्याला जंगलाचं चित्र म्हणायची, असं धाकटीने ऐकलं होतं. म्हणजे बरीच वर्षं.

"मग झालं तर," थोरली म्हणाली. "मला पुरून उरेल."

मिस्त्री रंधा पुसत होते, तो किती पुसावा याला काही मर्यादा असते, पण ते पुसत राहिले.

"आपलं रान कापायचं म्हणतेस, ताई," शेवटी ती म्हणाली.

"मी तिकडे येऊ शकत नाही. तू त्या गुडघ्यांनी इकडे येऊ शकत नाहीस. रान येऊ शकतं, तर त्याला अडवू नकोस."

मिस्त्रींनी दोनदा विचारलं, नक्की ना? उजवीकडचीच ना? त्यांनी रेघ मारली, बारीक दातांची करवत घेतली. पलीकडचं टोक धाकटीने धरलं. करवतीखालून तपकिरी भुसा पडत राहिला आणि त्यात मधेच एखादा हिरवा कण. पट्टी हातात आली तेव्हा ती एखाद्या फुटपट्टीएवढीच हलकी होती. तिला उगाच वाटलं होतं की जड असेल. कमी झालेल्या जागेत मिस्त्रींनी लाकडाची बारीक फळी बसवली, फ्रेम पुन्हा ठोकली, आणि समुद्र जागेवर गेला. भिंतीवरच्या होडीत कुणालाच काही फरक जाणवला नाही.

पट्टी काळ्या कागदात गुंडाळून गेली. सोबत धाकटीने फोनवर सूचनांचा भडिमार केला. खणात ठेव. वाटेल तेव्हा काढून बघ. बघून झालं की लगेच गुंडाळ. थोरली हो हो म्हणाली.

पट्टी पोचली त्या दिवशी फोन थोरलीनेच केला.

"कुठे ठेवलीस?" धाकटीने पहिल्यांदा तेच विचारलं.

"खिडकीत. पाइपासमोर."

"ताई!"

"अगं, खणात ठेवलेलं रान माझ्या काय कामाचं? मी इथे दिवसभर जागी असते."

धाकटीने रागवायचा प्रयत्न केला, तो साधला नाही. थोरली सांगत होती: सकाळी थोडा वेळ भिंतीवरून उलटून उजेड येतो, तेव्हा पानं पेटतात. नर्स बघून गेली, तिला वाटलं फुटपट्टी आहे. दुपारी ती पट्टी आडवी ठेवते आणि पडल्या पडल्या बघते, मग झाड आडवं झोपतं, ती बसली की तेही उठून बसतं. बोलता बोलता ती थांबली.

"मुंगे, या झाडाच्या पलीकडे काय होतं गं?"

"पलीकडे काय असणार? तिथे बोर्ड संपला."

"चित्रात नाही विचारत. तिथे."

धाकटीने डोळे मिटले. त्या झाडाच्या उजवीकडे बघून तिला जमाना झाला होता. चित्र जिथे संपलं तिथेच तिने रानही संपवून टाकलं होतं.

"मोठा काळा खडक होता," ती म्हणाली.

"खडक कसला? पायवाट होती. मामा तिथूनच तर यायचा वर."

"मामा पाठीमागून यायचा, झऱ्याकडून. खडक होता, ताई. तू त्यावर पूड वाळत टाकली होतीस."

"मी कौलावर वाळवली होती."

"वाळवलीस कौलावर. टाकली होतीस आधी खडकावर, वाऱ्याने उडाली."

थोरली नाकाने सूं सूं करू लागली. धाकटीने फोन खांद्यात धरला, कपाटाला टेकवून ठेवलेला नवा कोरा बोर्ड ओढून घेतला आणि गुडघ्यांवर ठेवला. जुळवलेला हिरवा बाटलीत होता. थोडा बशीत काढला.

"काय खडखडतंय तिकडे?" थोरलीने विचारलं.

"बोर्ड. तुझ्या पट्टीला लागून जे होतं ते काढते. सांग."

"आधी झाडाची पलीकडची बाजू काढ. बोर्ड संपला तिथेच तोडलं होतंस तू माझं झाड."

धाकटीने बोर्डाच्या अगदी डाव्या काठाला खोडाची एक उभी रेघ ओढली, तिला एक फांदी फोडली, फांदीला पानं दिली. हात अजून सांगेल तसा चालत होता. मग ती थांबली. पुढे बोर्ड पांढरा होता.

"झालं झाड. आता?"

पलीकडून थोरलीचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे कुठलीशी ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज. ती आठवत होती. धाकटी ब्रश वर धरून बसली. तेलाचा रंग लवकर वाळत नाही.

"सावकाश आठव," ती म्हणाली. "मी आहे."